टेम्पडीबीच्या फायली किती, केवढ्या आणि कुठे ठेवाव्यात?

रात्रपाळी

एसक्यूएल सर्व्हरवरच्या टेम्पडीबीची, म्हणजे तात्पुरती टेबलं आणि मधली कामं जिथे ठेवली जातात त्या सामायिक डेटाबेसची, मांडणी नव्याने करायची आहे. सध्याची स्थिती अशी: आवृत्ती २०१७ स्टँडर्ड, पण २०१२ वरून जागच्या जागी अपग्रेड केलेली. १६ लॉजिकल कोअर, १२८ जीबी रॅम. टेम्पडीबीची डेटा फाइल एकच, सी ड्राइव्हवर, ठरवलेला आकार ८ एमबी आणि वाढ १० टक्के. आज ती फुगून ४६ जीबी झाली आहे, लॉग ९ जीबी.

महिनाअखेरीस पगारपत्रकं आणि साठ्याचे अहवाल एकदम सुटतात. तेव्हा सीपीयू ३० टक्क्यांच्या वर जात नाही, तरी सगळं रेंगाळतं. थांबलेल्या सत्रांत पेजलॅच_यूपी आणि पेजलॅच_ईएक्स हे वेट (सत्र कशासाठी थांबलंय त्याची नावं) दिसतात, समोर रिसोर्स २:१:१ आणि २:१:३. आता २०० जीबीचा एसएसडी ड्राइव्ह मिळतो आहे, नाव टी.

जितके कोअर तितक्या फायली या हिशेबाने १६ फायली कराव्यात का? आणि हे काम सर्व्हर चालू ठेवून होईल का?

विदागार

आधी निदान, मग फायली. टेम्पडीबीमुळे सर्व्हर अडतो तो तीन निरनिराळ्या कारणांनी, आणि फायली वाढवण्याचा उपाय त्यातल्या एकालाच लागू पडतो.

एक, पेजलॅच, म्हणजे मेमरीतल्या पानावरचं क्षणिक कुलूप. यात डिस्कचा काही संबंध नाही. पान (फाइलचा ८ केबीचा तुकडा) मेमरीतच आहे, पण त्याच पानाला एकाच वेळी अनेकांना हात लावायचा आहे. दोन, पेजआयओलॅच. नावात फक्त 'आयओ' जास्त आहे, पण आजार पूर्ण वेगळा: पान डिस्कवरून यायचं आहे आणि डिस्क संथ आहे. तीन, जागा संपणे, म्हणजे त्रुटी ११०५ आणि लॉग भरला तर ९००२. पहिल्याला जास्त फायली लागतात, दुसऱ्याला वेगवान डिस्क किंवा डिस्कवर कमी सांडणाऱ्या क्वेऱ्या, आणि तिसऱ्याच्या वेळी जागा कोण खातंय ते शोधावं लागतं. तिन्हींवर 'फायली वाढवा' हेच औषध दिलं जातं, म्हणून इतकं लिहितोय.

तुमचा आजार पहिला आहे, कारण रिसोर्सच तसं सांगतो. २:१:१ मधला पहिला आकडा डेटाबेसचा. टेम्पडीबीचा क्रमांक कायम २ असतो. दुसरा आकडा फाइलचा, तिसरा पानाचा. प्रत्येक डेटा फाइलमधलं पान १ हे पीएफएस, पान २ जीएएम, पान ३ एसजीएएम. कुठलं पान मोकळं, कुठलं भरलेलं, कुठला एक्स्टेंट (सलग आठ पानांचा गट) वाटला गेला, याची वही म्हणजे ही पानं. पीएफएसमध्ये प्रत्येक पानामागे एक बाइट असतो आणि असं एक पान ८०८८ पानांचा, म्हणजे साधारण ६३ एमबीचा हिशेब ठेवतं. म्हणून ८०८८ ने पूर्ण भाग जाणारा पान क्रमांक दिसला की तोही पीएफएसच समजा. जीएएमचं एक पान जवळजवळ ४ जीबी सांभाळतं.

आता तुमच्याकडचं चित्र पाहा. समजा, दीडशे सत्रं सेकंदाला पाच-दहा टेम्प टेबलं बनवतात आणि टाकतात. प्रत्येक वेळी याच वह्यांत नोंद करायची. वही एक, लिहिणारे दीडशे. लॅच अगदी क्षणभराचा असतो, पण रांग लागली की सीपीयू रिकामा बसतो आणि माणसं ताटकळतात. आठ फायली केल्या की आठ वह्या होतात.

सोळा मात्र लगेच करू नका. ८ किंवा कमी लॉजिकल कोअर असतील तर तितक्याच फायली. ८ पेक्षा जास्त असतील तर ८ ने सुरुवात, आणि त्यानंतरही याच पानांवर पेजलॅच दिसत राहिला तरच ४-४ ने वाढवा. मायक्रोसॉफ्टची शिफारसही हीच आहे. २०१६ पासूनचा इन्स्टॉलर कोअरच्या संख्येइतक्या, पण जास्तीत जास्त ८ फायली स्वतःच सुचवतो. तुमचं अपग्रेड असल्याने जुनी एक फाइल तशीच पुढे आली.

लॉग फाइल एकच ठेवा. लॉग एका रांगेत लिहिला जातो, दुसरी फाइल जोडून वेग वाढत नाही.

घाटमाथा

विदागार यांच्या प्रतिसादाला +१. एका गोष्टीवर जास्त जोर देतो, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात: सगळ्या फायली अगदी सारख्या आकाराच्या हव्यात.

सर्व्हर नवीन जागा वाटताना ज्या फाइलमध्ये मोकळी जागा जास्त, तिला त्या प्रमाणात जास्त काम देतो. ४६ जीबीच्या फाइलशेजारी ८-८ एमबीच्या सात फायली नुसत्या जोडल्या, तर जवळपास सगळं वाटप त्या मोठ्या फाइलमधूनच होत राहील. कागदावर आठ फायली, वही मात्र एकच. मग 'आठ केल्या, फरक पडला नाही, आता सोळा करू' हे सुरू होतं.

२०१४ किंवा जुनी आवृत्ती असेल तर सुरुवातीच्या पॅरामीटरमध्ये ट्रेस फ्लॅग १११७ आणि १११८ लावावे लागतात. पहिल्यामुळे गटातल्या सगळ्या फायली एकदम वाढतात, दुसऱ्यामुळे पूर्ण एक्स्टेंट वाटला जातो आणि एसजीएएमवरची गर्दी कमी होते. १११७ चा परिणाम सर्व्हरवरच्या प्रत्येक डेटाबेसवर होतो, हे लावण्यापूर्वी ध्यानात घ्या. २०१६ पासून टेम्पडीबीसाठी हे वागणं आपोआप आहे. जुने फ्लॅग राहिले असतील तर त्यांचा उपयोगही नाही आणि अपायही नाही, पण काढून टाका. पुढच्या माणसाचा गोंधळ वाचतो.

रात्रपाळी

दोघांचे आभार. आकाराचा मुद्दा माहीत नव्हता, मी ८ एमबीच्याच फायली जोडणार होतो. आता प्रत्यक्ष क्रम सांगाल का? टी ड्राइव्ह अजून फॉरमॅट केलेला नाही.

घाटमाथा

चांगलं आहे, मग अगदी मुळापासून सांगतो. एक रीस्टार्ट लागेल, त्याशिवाय जागा बदलत नाही.

टी ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करताना अलोकेशन युनिट ६४ केबी निवडा. नेहमीचं ४ केबी राहिलं तर काही बिघडत नाही, पण ड्राइव्ह रिकामा आहे तोवरच हे बदलता येतं. त्यावर टेम्पडीबी नावाचा फोल्डर करा आणि ज्या खात्यावर एसक्यूएलची सर्व्हिस चालते त्या खात्याला फोल्डरवर पूर्ण परवानगी द्या. तुमच्या स्वतःच्या खात्याला नव्हे. ही चूक रीस्टार्टच्या वेळी उघडी पडते, तीही सर्व्हर न उठण्याच्या रूपात.

मग लोकल सिक्युरिटी पॉलिसीत 'परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स' हा हक्क त्याच सर्व्हिस खात्याला द्या. त्यामुळे डेटा फाइल वाढवताना विंडोज ती आधी शून्यांनी भरत बसत नाही, २० जीबीची फाइल क्षणात उभी राहते. हक्क सर्व्हिस रीस्टार्ट झाल्यावरच लागू होतो, म्हणून तो आधी द्यायचा. लॉग फाइलला ही सवलत नाही, ती शून्यांनी भरली जातेच. आणि सर्व्हरवर एखाद्या जरी डेटाबेसला टीडीई (डिस्कवरच्या फायलींचं एन्क्रिप्शन) लावलेलं असेल तर टेम्पडीबीही एन्क्रिप्ट होतो आणि तिथेही ही सवलत जाते. तसं असेल तर फायली वाढवायला वेळ लागेल, तो हिशेबात धरा.

आता आज्ञा. ऑल्टर डेटाबेस टेम्पडीबी मॉडिफाय फाइल, नेममध्ये टेम्पडेव्ह आणि फाइलनेममध्ये टी ड्राइव्हवरचा नवा पूर्ण मार्ग. तशीच दुसरी आज्ञा टेम्पलॉगसाठी. या क्षणी काहीच हलत नाही, फक्त नोंद होते. आकार या टप्प्यावर देऊ नका. टेम्पडेव्ह आत्ता ४६ जीबीची आहे आणि तिला २० जीबी सांगितलंत तर त्रुटी ५०३९ येईल: दिलेला आकार सध्याच्या आकारापेक्षा कमी आहे. श्रिंकच्या, म्हणजे फाइल आक्रसवण्याच्या, मागेही लागू नका. टेम्पडीबी दर रीस्टार्टला नव्याने बनतो आणि फाइल ठरवलेल्या आकाराला, तुमच्या बाबतीत ८ एमबीला, परत येते. मग वाढवणं सोपं.

रीस्टार्ट करा. उठल्यावर टेम्पडेव्हला आकार २०४८० एमबी द्या. मग ॲड फाइल वापरून सात नव्या फायली, टेम्प२ ते टेम्प८, प्रत्येक २०४८० एमबीची, वाढीचा आकडा सगळ्यांना तोच. टेम्पलॉगला २० जीबी. या भागाला पुन्हा रीस्टार्ट लागत नाही. शेवटी सी ड्राइव्हवरच्या जुन्या दोन फायली हाताने पुसा, त्या आपोआप जात नाहीत. ४६ जीबी तिथेच अडकून राहतात.

तपासणी दोन ठिकाणी करा. सिस.मास्टर_फाइल्समध्ये रीस्टार्टनंतर लागू होणारा आकार दिसतो, टेम्पडीबीच्या स्वतःच्या सिस.डेटाबेस_फाइल्समध्ये या घडीचा. दोन्हींत आठही ओळी सारख्या हव्यात. एरर लॉगमध्ये टेम्पडीबीच्या डेटा फायलींची संख्या सांगणारी ओळ असते, तीही पुढच्या रीस्टार्टला बघा.

तिसरी ओळ

मार्ग टंकताना चूक झाली आणि सर्व्हिस उठलीच नाही तर? टेम्पडीबी बनला नाही तर सर्व्हर सुरूच होत नाही ना?

घाटमाथा

बरोबर, होत नाही. एरर लॉगमध्ये ५१२३ दिसेल आणि सोबत विंडोजचा त्रुटी क्रमांक. ३ असेल तर मार्ग सापडला नाही, ५ असेल तर परवानगी नाही. ५ असेल तर फोल्डरची परवानगी देऊन पुन्हा सुरू करा, बाकी काही करावं लागत नाही. ३ असेल तर सगळ्यात साधी वाट म्हणजे चुकून जे नाव टंकलं गेलं त्या नावाचा फोल्डर तात्पुरता बनवून परवानगी देणे.

ड्राइव्हचं अक्षरच चुकलं असेल तर सर्व्हिस किमान मांडणीत उठवावी लागते: नेट स्टार्ट, सर्व्हिसचं नाव, मग स्लॅश एफ आणि स्लॅश टी३६०८. या अवस्थेत एकच जोडणी मिळते, म्हणून एजंट आणि ॲप्लिकेशनच्या सर्व्हिस आधी बंद करा. नाहीतर ती एक जागा तेच पटकावतात. एसक्यूएलसीएमडीने आत जा, मॉडिफाय फाइल पुन्हा बरोबर मार्गाने द्या, बाहेर या आणि सर्व्हिस नेहमीसारखी सुरू करा. काम सुरू करण्यापूर्वी या दोन ओळी वहीत लिहून ठेवा.

निळा फलक

आकाराबद्दल थोडा मतभेद. २०० पैकी १८० जीबी पहिल्याच दिवशी अडवून ठेवणं मला पटत नाही. आज वापर ४६ जीबीचा आहे. ८ गुणिले ८ जीबी करून वाढ चालू ठेवली तर काय बिघडलं?

विदागार

ड्राइव्ह फक्त टेम्पडीबीसाठी असेल तर जागा वाचवून ती कोणाला देणार? मोकळी ठेवली तर ती पडून राहते. आणि वाढ म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी, ज्याला जागा हवी त्या क्वेरीला थांबवून होणारं काम. सगळी जागा आधीच घेतली तर ते काम मुळात होतच नाही.

वाढ ठेवायचीच असेल तर टक्क्यांत कधीही नको. ८ एमबीवर १० टक्के म्हणजे एक एमबीसुद्धा नाही, त्यामुळे सुरुवातीला एकामागून एक बारीक वाढी होतात. ४६ जीबीवर १० टक्के म्हणजे साडेचार जीबीचा एक घास. लॉगच्या बाबतीत तर तेवढे सगळे शून्य लिहून होईपर्यंत लिहिणारे सगळे थांबतात. ठरीव आकडा द्या. २०१७ मध्ये टेम्पडीबीच्या सगळ्या फायली एकदम वाढतात हे विसरू नका. वाढ १ जीबी ठेवली तर एका वेळी ८ जीबी जातात, उरलेल्या २० जीबीत अशा दोनच वाढी बसतात, आणि लॉगलाही त्यातूनच हवं. मी डेटा फायलींना ५१२ एमबी ठेवीन, म्हणजे एका वेळी ४ जीबी. ड्राइव्ह ९० टक्के भरल्याचा इशारा आधीपासूनच वाजत राहील, तो १९५ जीबीला वाजेल असा लावा.

निळा फलक यांचा मुद्दा एका जागी खरा आहे. आभासी यंत्रावर थिन ड्राइव्ह (वापर होईल तशीच खरी जागा घेणारा) असेल, तर १६० जीबीच्या फायली दिसल्या तरी मागच्या साठ्यात तेवढी जागा खरोखर असेलच असं नाही. ती नसेल तर ऐन वेळी पूर्ण यंत्रच अडकतं. स्टोरेज सांभाळणाऱ्यांकडून याचं उत्तर लेखी घ्या.

निळा फलक

हे पटलं. आमच्याकडे थिनच आहे, म्हणून बिचकत होतो.

कोकणवारा

तिसऱ्या आजाराबद्दल, म्हणजे जागा संपण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

टेम्पडीबी भरला की पहिला संशय टेम्प टेबलांवर जातो. खरं तर आत तीन भाडेकरू असतात: वापरकर्त्यांची टेबलं, सर्व्हरची स्वतःची कामं म्हणजे सॉर्ट, हॅश, स्पूल, आणि तिसरा व्हर्शन स्टोअर. डीएम_डीबी_फाइल_स्पेस_युसेज या व्ह्यूमध्ये तिघांची पानं वेगवेगळ्या रकान्यांत मिळतात. पानांच्या आकड्याला १२८ ने भागलं की एमबी. ही एक क्वेरी दर पाच मिनिटांनी एखाद्या टेबलात साठवत राहा. जागा संपल्यावर पाहायला गेलात तर तोवर दोषी निघून गेलेला असतो.

पहिले दोन वाढलेले दिसले तर डीएम_डीबी_सेशन_स्पेस_युसेज आणि डीएम_डीबी_टास्क_स्पेस_युसेज. दोन्ही बघायचे, कारण चालू असलेल्या कामाचा आकडा टास्कमध्ये असतो आणि काम संपल्यावरच सेशनमध्ये जमा होतो. फक्त सेशनचा पाहिला तर ४० जीबी खाणारी चालू क्वेरी शून्यावर दिसते.

व्हर्शन स्टोअर हा वेगळाच प्रकार. रीड कमिटेड स्नॅपशॉट (वाचणाऱ्यांना ओळीची जुनी प्रत दाखवणारी सोय) चालू असेल तर प्रत्येक बदललेल्या ओळीची जुनी प्रत इथे ठेवली जाते. कोणालाच नको असलेल्या प्रती मागे चालणारं एक काम साधारण मिनिटामिनिटाला झाडून काढतं. पण एखादा व्यवहार उघडून तसाच राहिला, समजा बिगिन ट्रान झालं आणि ॲप्लिकेशनने कमिट पाठवलंच नाही, तर त्याच्या नंतरच्या सगळ्या प्रती जपून ठेवाव्या लागतात. आणि ही झाडलोट पूर्ण इन्स्टन्सची, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसची मिळून, एकच असते. एका लहानशा डेटाबेसमधला अडकलेला व्यवहार शेजारच्या मोठ्या डेटाबेसच्या प्रतीही अडवून धरतो. म्हणून 'आमच्या डेटाबेसमध्ये तर काहीच चालू नाही' या उत्तरावर थांबू नका. डीएम_ट्रान_ॲक्टिव्ह_स्नॅपशॉट_डेटाबेस_ट्रान्झॅक्शन्समध्ये किती सेकंद झाले तो रकाना आहे, त्यावर उतरत्या क्रमाने लावा आणि सगळ्यात वरचं सत्र कोणाचं ते पाहा. डेटाबेसवार आकार हवा असेल तर २०१७ मध्ये डीएम_ट्रान_व्हर्शन_स्टोअर_स्पेस_युसेज आहे, तो हलका चालतो.

इथे फायली वाढवल्या तर त्या फक्त थोड्या उशिरा भरतील.

तिसरी ओळ

प्रोसीजर लिहिणाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी.

टेबल व्हेरिएबल मेमरीत राहतं, टेम्पडीबीत जात नाही, हा समज सोडून द्या. तेही टेम्पडीबीतच बनतं. शिवाय २०१७ मध्ये त्यात कितीही ओळी असल्या तरी अंदाज साधारण एका ओळीचा धरला जातो, मग मेमरी कमी मागितली जाते आणि सॉर्ट टेम्पडीबीत सांडतो. लाखभर ओळी असतील तर टेम्प टेबल बरं. २०१९ मध्ये कंपॅटिबिलिटी पातळी १५० असेल तर हा अंदाज सुधारतो.

दुसरं, प्रोसीजरमधलं टेम्प टेबल सर्व्हर पुढच्या वेळेसाठी राखून ठेवू शकतो. तसं झालं की वहीत पुन्हा नोंदी कराव्या लागत नाहीत आणि पेजलॅच मुळातच कमी होतो. पण टेबल बनवल्यानंतर त्यावर वेगळ्या आज्ञेने इंडेक्स टाकला, ऑल्टर केलं किंवा कन्स्ट्रेंटला नाव दिलं, तर ते राखलं जात नाही. इंडेक्स क्रिएट टेबलच्या आतच लिहा, २०१४ पासून तशी सोय आहे. प्रायमरी कीला नाव देऊ नका. नाव दिलं तर दुसरी अडचणही येते: तीच प्रोसीजर दोन सत्रांत एकदम चालली की नावाची टक्कर होऊन दुसरं सत्र पडतं.

रात्रपाळी यांच्या पगारपत्रकांत हे आधी तपासा. सेकंदाला हजार टेबलं बनत असतील तर प्रश्न फायलींचा कमी आणि कोडचा जास्त आहे.

अनुस्वार

मराठी नावं साठवणाऱ्यांसाठी टेम्पडीबीचाच एक निराळा काच. डेटाबेसचं कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रम लावायचे नियम) इंडिक_जनरल_१०० आणि सर्व्हरचं मात्र इन्स्टॉलच्या वेळी आलेलं लॅटिन, अशी मांडणी खूप ठिकाणी आहे. टेम्प टेबलातले मजकुराचे रकाने सर्व्हरचं कोलेशन घेतात, कारण ते टेम्पडीबीत बनतात. मग गावाच्या नावावर मूळ टेबल आणि टेम्प टेबल जोडायला गेलं की त्रुटी ४६८: कोलेशन जुळत नाही. चाचणीच्या सर्व्हरवर सगळं चालतं आणि खऱ्या सर्व्हरवर पडतं, ते यामुळेच.

उपाय सोपा आहे. टेम्प टेबल बनवताना मजकुराच्या प्रत्येक रकान्यापुढे कोलेट डेटाबेस_डिफॉल्ट लिहायचं. जोडणीच्या अटीत लिहिलं तरी चालतं, पण तिथे इंडेक्सचा उपयोग जाऊ शकतो. म्हणून रकान्यापाशीच लिहा. रकाना एनव्हारचार हवा आणि थेट मजकुराआधी एन हवाच, नाहीतर 'ज्ञानेश्वर'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते आणि ती परत मिळवता येत नाही.

रात्रपाळी

अनुस्वार, हे नेमकं आमच्याकडे आहे, जोडणीच्या अटीत लिहून भागवलेलं. रकान्यांवर घेतो.

पुढच्या वर्षी २०२२ वर जायचा विचार आहे. तेव्हा ही सगळी मांडणी पुन्हा बदलावी लागेल का?

विदागार

आठ सारख्या फायली तशाच राहू द्या, पण त्यांच्यावरचा भार कमी होईल. २०१९ मध्ये पीएफएसच्या पानावर अनेक जण एकाच वेळी नोंद करू शकतात असा बदल झाला, २०२२ मध्ये जीएएम आणि एसजीएएमलाही तीच सवलत मिळाली. म्हणजे २:१:१ आणि २:१:३ वरची रांग बहुतेक ठिकाणी उरत नाही.

त्यानंतर जी उरते ती वेगळ्या पानांवर दिसते. पान १, २, ३ किंवा ८०८८ च्या पटीतलं नाही, तरी २:१: ने सुरू होणाऱ्या कुठल्यातरी पानावर पेजलॅच_ईएक्स किंवा एसएच. पान उघडून पाहिलं तर ऑब्जेक्ट क्रमांक ३४, म्हणजे सिसस्कॉब्ज, निघतो. ही टेबलांच्या नावांची सिस्टिम यादी. फायली १६ करा की ३२, ही यादी एकच राहते. २०१९ पासून ती मेमरीत ठेवता येते: ऑल्टर सर्व्हर कॉन्फिगरेशनमध्ये मेमरी_ऑप्टिमाइझ्ड टेम्पडीबी_मेटाडेटा चालू करायचं आणि रीस्टार्ट. पण हे एंटरप्राइझमध्येच आहे, तुमच्या स्टँडर्डमध्ये नाही. चालू केलं तर टेम्प टेबलांवर कॉलमस्टोअर इंडेक्स बनवता येत नाही. तुम्हाला स्टँडर्डमध्ये या यादीवरची गर्दी कमी करायची तर तिसरी ओळ यांनी सांगितलेली वाट, टेबलं राखली जातील असं कोड लिहिणं, तीच आहे.

निळा फलक

क्लाउडवर जाणार असाल तर एक जोड. अझुरच्या बऱ्याच यंत्रांना मिळणारा तात्पुरता डी ड्राइव्ह स्थानिक एसएसडी असतो आणि टेम्पडीबीसाठी उत्तम चालतो, कारण त्यातलं काही टिकवायचं नसतंच. पण यंत्र डीॲलोकेट करून पुन्हा सुरू केलं की ड्राइव्ह कोरा येतो, तुमचा फोल्डर नसतो, आणि घाटमाथा यांनी लिहिलेली ५१२३ सोबत ३ समोर उभी राहते. यंत्र सुरू होताना आधी फोल्डर आणि परवानगी तयार करून मग सर्व्हिस उठवणारं छोटं काम लावावं लागतं. फेलओव्हर क्लस्टरमध्येही (एक यंत्र, म्हणजे नोड, पडलं तर दुसरं काम घेतं अशा जोडणीत) २०१२ पासून टेम्पडीबी स्थानिक डिस्कवर ठेवता येतो. तिथे तोच मार्ग आणि तीच परवानगी प्रत्येक नोडवर हवी.

शेवंती

आम्ही पोस्टग्रेसवर आहोत. तिथे याचं समांतर काय?

कोकणवारा

तिथे टेम्पडीबीसारखा सामायिक डेटाबेस नसतो, त्यामुळे फायलींच्या संख्येचा प्रश्न येत नाही. सॉर्ट किंवा हॅश वर्क_मेममध्ये (अशा कामाला दिलेल्या मेमरीत) मावला नाही की पीजीएसक्यूएल_टीएमपी या फोल्डरात फायली पडतात. आधी लॉग_टेम्प_फाइल्स शून्य करा, म्हणजे प्रत्येक तात्पुरती फाइल आकारासह लॉगमध्ये येते. मग त्या वेगळ्या डिस्कवर न्यायच्या असतील तर टेबलस्पेस बनवून टेम्प_टेबलस्पेसेसमध्ये तिचं नाव द्या. टेम्प_फाइल_लिमिटला मूळची मर्यादा नसते, ती घाला, म्हणजे एक बिघडलेली क्वेरी पूर्ण डिस्क भरणार नाही.

वर्क_मेम सगळ्यांसाठी एकदम वाढवू नका. मूळ आकडा ४ एमबी आहे आणि तो जोडणीमागे नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशमागे लागतो. २०० जोडण्या असताना तो २५६ एमबी केला तर मेमरी संपून सर्व्हर पडू शकतो. जड अहवाल ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात त्याच्यापुरता ऑल्टर रोलने वाढवा.

रात्रपाळी

मांडणी बदलली. आठ फायली, २०-२० जीबी, टी ड्राइव्हवर, वाढ ५१२ एमबी. महिनाअखेर झाली, २:१:१ आणि २:१:३ वर एकही थांबलेलं सत्र नाही. पगारपत्रकांतली टेबलंही आता राखली जातात, कन्स्ट्रेंटची नावं काढली.

एक मात्र उरलं. रात्री १ ते ३ मध्ये टेम्पडीबीच्या फायलींवर लिहिण्याचा सरासरी वेळ ३८ मिलिसेकंद दिसतो, दिवसा २ च्या आसपास. सरासरी डीएम_आयओ_व्हर्च्युअल_फाइल_स्टॅट्समधून, दर दहा मिनिटांच्या दोन नोंदींची वजाबाकी करून काढली आहे. त्या वेळेत इंडेक्स रिबिल्ड आणि चेकडीबी (डेटाबेस सुस्थितीत आहे का याची तपासणी) दोन्ही चालतात.

घाटमाथा

वजाबाकी करून काढलीत हे बरोबर केलंत, नाहीतर तो आकडा सर्व्हर सुरू झाल्यापासूनचा एकत्र असतो आणि रात्रीचं दुखणं त्यात बुडून जातं.

रिबिल्डच्या आज्ञेत सॉर्ट_इन_टेम्पडीबी चालू आहे का ते पाहा. असेल तर सर्वात मोठ्या इंडेक्सच्या आकाराइतकं लिखाण टेम्पडीबीत होतं. आणि चेकडीबी एस्टिमेटओन्ली लावून एकदा चालवा, त्याला टेम्पडीबीत किती जागा लागेल ते तो सांगतो आणि प्रत्यक्ष तपासणी करत नाही. दोन्ही एकाच वेळी टी ड्राइव्हवर येत असतील तर आधी फक्त वेळा वेगळ्या करा: रिबिल्ड १ वाजता, चेकडीबी ४ वाजता. तीन रात्रींचे आकडे इथे टाका, दोन्ही कामांचे वेगवेगळे. फाइल मात्र आणखी एकही जोडू नका.